जाड अडवलं, बारीक सोडलं

मित्रांनो, मी चाळण आहे. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते ती नव्हे. ती माझी लांबची बहीण, नाजूक, एका हातात मावणारी. मी गवंड्याची चाळण. माणसाच्या छातीएवढी उंच, चार फळ्यांची चौकट, मध्ये तारेची जाळी आणि मागे टेकूला दोन पाय. समोरून फावड्याने वाळू मारायची, खडे घरंगळून पुढे पडतात, बारीक वाळू मागे पडते. एवढंच माझं काम. जाड ते अडवायचं, बारीक ते सोडायचं.

आता माझ्यात जाळी नाही. ती कुणी कापली आणि का, ते सांगायला मी तोंड उघडलं आहे. गोष्ट गोड नाही. गोड गोष्टी सांगणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत, हवं तर त्यांच्याकडे जा.

मला एका सुताराने खोक्यांच्या फळ्यांपासून बनवलं. ती खोकी जवळच्या खाणीतली. कधीकाळी त्यांतून यंत्रांचे सुटे भाग आले होते. मी जन्मले तेव्हा खाण बंद पडून बरीच वर्षं झाली होती. यंत्रं गेली, कचेरीची दारं, खिडक्या गेल्या, कंपनीही गेली. एकच गोष्ट तिने मागे ठेवली, कारण ती कुणालाच नको होती. टेकडी. जमिनीतला दगड काढून दळला, त्यातलं हवं तेवढं शिसं काढून घेतलं आणि उरलेली राखाडी भुकटी गावाच्या उशाशी ओतली. वर्षानुवर्षं ओतली. ती शाळेच्या छपराहून उंच झाली.

टेकडीभोवती तारेचं कुंपण होतं आणि कुंपणाला एक पत्र्याची पाटी होती. कुंपणाची तार लोकांनी वेलींच्या मांडवाला नेली. पाटी चांगल्या जाड पत्र्याची होती. ती आमच्या गवंड्याने अक्षरं न बघताच आणली आणि अंगणातल्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून बसवली. अगदी मापात बसली. अक्षरं खालच्या बाजूला. अकरा वर्षं ती पाटी पाण्याला धडा वाचून दाखवत राहिली.

गावातले लोक त्या भुकटीला पीठ म्हणायचे. खाणीचं पीठ. तिच्यावर गवत उगवत नाही, म्हणून अंगणात पसरायला बरी. मुंग्या येत नाहीत, म्हणून कोठीघरात घालायला बरी. मऊ आहे, पडलं तरी लागत नाही, म्हणून शाळेच्या घसरगुंडीखाली टाकायला बरी. गवत का उगवत नाही, मुंग्या का येत नाहीत, हे एकानेही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

माझा मालक गवंडी. वय साठीच्या पुढे, पण ओळंबा लावायला शिडीवर चढला की तिशीतला दिसायचा. आधी माझी जाळी रुंद डोळ्यांची होती, नदीच्या वाळूसाठी. मग एकदा त्याने खाणीचं पीठ वाळूत मिसळून गिलावा केला आणि त्या भिंतीवरून हात फिरवून तो स्वतःशीच हसला. दुसऱ्याच दिवशी त्याने माझी जुनी जाळी उचकटली आणि बारीक डोळ्यांची बसवली. तेव्हापासून माझं नाव झालं. लोक मुद्दाम विचारायचे, "तुमच्या त्या चाळणीचा गिलावा करून द्याल का?" गावातल्या निम्म्या घरांच्या भिंती माझ्यातून गेल्या आहेत. मला गर्व होता. माझ्यातून जेवढं बारीक पडायचं तेवढं कुणाच्याच चाळणीतून पडत नव्हतं.

मित्रांनो, तो गर्व आठवला की माझ्या खिळ्यांना अजून गंज चढतो. विष बारकाईतच होतं.

गवंड्यांची एक रीत असते. नवी वाळू आली की तिची चिमूट जिभेवर ठेवायची. खारट लागली तर त्या वाळूचा गिलावा पुढे फुगतो आणि पोपडे धरतो, म्हणून ती परत पाठवायची. आमचा गवंडी चाळीस वर्षं हे करत आला. चिमूट ठेवायची, क्षणभर डोळे मिटायचे, थुंकायचं, निकाल द्यायचा.

त्याला एक नात. पाच वर्षांची. एका जागी दोन मिनिटं ठरायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तिचा बाप ट्रकवर, पंधरा पंधरा दिवस बाहेर. आई घरकाम करून शिवणाचं मशीन चालवायची. त्यामुळे भिंगरी दिवसभर आजोबांच्या मागे. त्यांनी चिमूट घेतली की हीपण चिमूट घ्यायची.

"कशी आहे गं?" आजोबा विचारायचे.

"फिक्की आहे. चालेल."

"अगं, थुंक आधी."

"गिळली."

आजोबा पोट धरून हसायचे. "खरी गवंड्याची नात. मालाला नावं ठेवत नाही."

आणि तिची आवडती जागा कुठली, तर माझ्या पाठीमागे. पुढून आजोबा फावडं मारायचे आणि मागे राखाडी पडदा पडायचा, सारखा, सळसळत. ती त्या पडद्याखाली हात पसरून बसायची. माझ्या पायाशी जमलेल्या ढिगावर ती अक्षरं काढायला शिकली. बोट तोंडात घालायची, ओलं करायची आणि रेघ ओढायची. ओल्या बोटाची रेघ स्वच्छ उठते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच शोधलं. एक अक्षर झालं की बोट परत तोंडात.

किती वेळा, मी मोजलं नाही.

पहिल्यांदा ती पोट दुखतं म्हणाली, तेव्हा आईने एक लटकी थाप पाठीवर दिली आणि म्हणाली, "शाळा चुकवायला बरं दुखतं." मग ती ताटावरून उठायला लागली. मग चेहरा त्या पिठासारखा फिकट झाला. दुपारी माझ्या सावलीत झोपायची, उठवलं की चिडायची, चावायलाही धावायची. समोरचा दुकानदार तोंडाचा तिखट. तो ओट्यावरून म्हणाला, "काय हो गवंडी, तुमच्या भिंगरीचं वारं पडलं वाटतं."

सगळे हसले. आजोबापण हसले.

मग एके दिवशी तिने ढिगावर बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. रेघ पुढे जाईना. ते अक्षर तिने महिन्यापूर्वी शंभरदा काढलं होतं. तिने आजोबांकडे पाहिलं, मग बोटाकडे पाहिलं. आजोबांच्या हातातलं फावडं थांबलं. त्या दिवसापासून त्या अंगणात कुणी नीट हसलं असेल असं मला वाटत नाही.

तपासणीला नर्स आली ती दुचाकीवर, मागे पेटी बांधून. तिने शाळेतल्या सगळ्या मुलांच्या बोटांना टोचून रक्ताचे थेंब घेतले. दहा दिवसांनी ती कागद घेऊन घरी आली. अंगणात माझ्या शेजारीच उभी राहिली.

"अठरा आहे," ती म्हणाली.

"अठरा म्हणजे चांगलं का वाईट?" भिंगरीच्या आईने विचारलं.

"आकडा पाचच्या वर गेला की आम्हाला काळजी लागते. हे शिसं आहे रक्तात. तुमच्या मातीत शिसं आहे. ते काढा. हिला त्यात खेळू देऊ नका, हात धुवा, दूध द्या, पालेभाज्या द्या." तिला अजून चार गावं करायची होती. ती पटापट बोलली, पेटी बांधली आणि निघाली. तिचा दोष फार नाही. चार गावांना एकच माणूस नेमणाऱ्यांचा आहे.

त्यांच्यातलेही एक साहेब येऊन गेले. गाडीच्या काचा वर, तोंडावर फडकं. टेकडीकडे गेलेच नाहीत. डांबरी रस्त्याच्या कडेची माती डबीत भरली, रस्त्यावरूनच. जाताना म्हणाले, तूर्तास घाबरण्याचं कारण नाही. स्वतःच्या तोंडावरचं फडकं मात्र त्यांनी गाडीत बसेपर्यंत काढलं नाही.

आता ऐका, चूक कशी झाली ती. मूर्ख माणसं अशी चूक करत नाहीत. हुशार, कामसू माणसं करतात.

नर्स गेल्यावर गवंड्याने पिशवीतून ओळंबा काढला. त्याचा ओळंबा शिशाचा होता, बापाने दिलेला. तो त्याने सुनेच्या तळहातावर ठेवला.

"हे शिसं. बघ किती जड आहे."

"आहे."

"हे या जाळीतून जाईल?"

"नाही जायचं."

"मग झालं तर. पीठ चाळून काढू. जड असेल ते वर राहील."

तिने ओळंबा परत दिला, पण तिचं मन मानत नव्हतं. "बाबा, सिस्टर म्हणाल्या काढून टाका."

"काढतोच आहे ना. सगळं पीठ कशाला टाकायचं? धान्यात खडे निघाले तर आपण पोतं ओतून देतो का? निवडतो. आयुष्यभर हेच केलंय मी."

मित्रांनो, माझा आवाज त्यांना ऐकू गेला असता तर मी तेव्हा किंचाळले असते. मला ठाऊक होतं माझ्या जाळीत काय अडतं आणि काय सुटतं. त्याला वाटलं शिसं म्हणजे गोळ्या. ते गोळ्या नव्हतंच. ते त्या पिठात धुळीहून बारीक होऊन मिसळलं होतं. खडे निर्दोष होते. मी निर्दोष खडे अडवणार होते आणि विष सोडणार होते, आणि लोक माझे आभार मानणार होते.

तसंच झालं. त्याने अंगणातलं पीठ खरवडून काढलं आणि माझ्यावर मारायला सुरुवात केली. बातमी गल्लीभर झाली. गवंडी शिसं काढून देतोय. ज्यांच्या मुलांचे आकडे आले होते ते सगळे घमेली घेऊन आले. दुकानदारसुद्धा आला, तिखट जीभ घरी ठेवून. तीन दिवस मी चालले. कोरडं पीठ, वाहतं वारं. धूर उठावा तशी भुकटी उठत होती. भिंतींवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, उघड्या खिडकीतून पाळण्यावर. पुढे खडे पडले की लोक ते उचलून उन्हात धरायचे. एखादा चमकला की गवंडी म्हणायचा, "हे बघा. हेच ते." आणि तो खडा दूर ओढ्यात फेकायचा, रागाने, जणू तो नातीचा वैरी.

आणि मागे, पडद्याखाली, भिंगरी बसली होती. आजोबा तिचं औषधच करत होते ना. मग तिला तिथून कोण उठवणार?

चौथ्या दिवशी ते चाळलेलं, बारीक, मऊ पीठ प्रत्येकाने आपापल्या अंगणात परत पसरलं. उरलं ते शाळेच्या घसरगुंडीखाली. मुलांसाठी, स्वच्छ केलेलं.

पुढच्या तपासणीला भिंगरीचा आकडा सदतीस आला.

नर्स या वेळी दुचाकीवरून उतरून धावतच आली. "काय केलंत तुम्ही?" तिने विचारलं. "सगळ्या गल्लीचे आकडे वर गेलेत. सगळ्यांचे."

"चाळलं," गवंडी म्हणाला. "तुम्हीच म्हणालात शिसं काढा. तीन दिवस चाळलं, ताई. जाळी आमची गावात सगळ्यात बारीक."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मग अंगणाकडे. मग ती पायरीवर बसली. "मी नीट सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "ते चाळून निघत नाही हो, आजोबा. बारीक तेच वाईट. ते श्वासातून जातं, बोटांवरून तोंडात जातं."

"तोंडात?" त्याने विचारलं. त्याचा उजवा अंगठा आणि पहिलं बोट जुळलेलं होतं, चिमटीसारखं, सवयीने. त्याने ती बोटं पाहिली आणि हात पाठीमागे नेला.

"घर ओल्या फडक्याने पुसून काढा," नर्स म्हणाली. "कोरडा झाडू मारू नका. पाणी आणा, आत्ताच करू. मी आज कुठे जात नाही."

भिंगरीची आई टाकीकडे गेली. घाईत तिने झाकण उचललं आणि नेहमीसारखं सरकवून न ठेवता उलटं टाकलं. पत्रा खणाणला. ती बादली बुडवायला वाकली आणि तशीच थांबली.

"बाबा," ती म्हणाली. "इकडे या."

तो आला. त्याला वाचायला येत होतं, सावकाश. पाण्याच्या वाफेने रंग थोडा उडाला होता, पण अक्षरं शाबूत होती. धोका. येथील माती नेऊ नये. मुलांना दूर ठेवावे.

अकरा वर्षं त्याने ते झाकण रोज सरकवलं होतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

तो घरात गेला आणि पत्रा कापायची कात्री घेऊन आला. माझ्यापुढे उभा राहिला. मला वाटलं, आता मोडून टाकतो. त्याने माझी जाळी कडेकडेने कापायला घेतली. एक एक तार. कात्री जुनी होती, पण त्याने कुणाला हात लावू दिला नाही. जाळी सुटून पडली तेव्हा त्याने ती ओल्या फडक्यात गुंडाळली, आणि माझ्या फळ्याही त्याच फडक्याने पुसून काढल्या, कोपऱ्याकोपऱ्यात, लेकराचं अंग पुसावं तशा.

दुसऱ्या दिवशी तो गल्लीत दारोदार गेला. म्हणाला, मी चुकलो, पसरलेलं पीठ उचला, पाणी मारून उचला, कोरडं हलवू नका. काहींनी ऐकलं. दुकानदार ओट्यावर उभा राहून म्हणाला, "काल म्हणालात चाळा. आज म्हणता उचला. उद्या म्हणाल भिंती फोडा, गिलाव्यातही पीठ आहे."

"आहे," गवंडी म्हणाला. "मीच घातलंय. जिथे पोपडे आलेत तिथे मीच येऊन काढीन, ओलं करून. नवा गिलावा नदीच्या वाळूचा."

"आमची पोरं याच पिठात वाढली. काय झालं त्यांना?"

भिंगरीची आई सासऱ्याच्या मागे उभी होती. ती पुढे झाली. "आठ वर्षांचा आहे तुमचा धाकटा. अजून बुटाचे बंद बांधता येत नाहीत त्याला. तुम्हीच हसत होता दुकानात सगळ्यांना सांगून."

दुकानदार आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बादली होती.

उचललेलं पीठ ओल्या पोत्यांत भरून टेकडीच्या पायथ्याशी नेलं, ताडपत्रीखाली ठेवलं. अंगणात दूरच्या शेतातली चांगली माती वीतभर जाड घातली, वर गवत लावलं. चपला दाराबाहेर. खाण्याआधी हात धुतले की नाही हे बघायला भिंगरीची आई पट्टी घेऊन उभी राहायची. टेकडी झाकणं मात्र गावाच्या हातात नव्हतं. तिच्यासाठी अर्ज गेले. एक, दोन, सात. प्रत्येक अर्जाला उत्तर आलं की कंपनी आता अस्तित्वात नाही. टेकडी अस्तित्वात आहे, याला उत्तर आलं नाही.

म्हणून गवंड्याने त्याच्या हातात होतं तेवढं केलं. त्याने मला उचललं, माझ्या रिकाम्या चौकटीत तो टाकीवरचा पत्रा ठोकला, अक्षरं बाहेरच्या बाजूला, आणि टेकडीकडे जाणाऱ्या वाटेवर माझे दोन्ही पाय सिमेंटात पुरले. नदीच्या वाळूच्या सिमेंटात. तेव्हापासून मी इथे उभी आहे. आता माझ्यातून काही जात नाही.

पण वारा माझ्यावरून जातो. तो कुठे चालला आहे ते मला दिसतं. आणि परवा दुसऱ्या गावची दोन माणसं बैलगाडी घेऊन आली, माझ्यासमोर थांबली, पाटी वाचली. एक म्हणाला, जुनी पाटी आहे. दोघे मला वळसा घालून गेले आणि गाडी भरून परतले. भरलेल्या गाडीवर ताडपत्रीसुद्धा नव्हती.

भिंगरीचा आकडा सदतीसवरून एकोणतीसवर आला आहे. पुढची तपासणी या आठवड्यात आहे. नर्स म्हणते, रक्तातलं हळूहळू उतरेल. डोक्यातलं जे गेलं ते किती परत येईल, हे ती सांगत नाही. विचारलं की पेटीचा पट्टा आवळायला लागते.

काल आजोबा तिला घेऊन आले होते. रस्त्यावरच थांबले, पुढे नाही. तिने पाटीकडे बोट केलं.

"वाच," ते म्हणाले.

"धो. का." ती वाचत होती, एकेक अक्षर जिना चढल्यासारखं. "ये. थी. ल." मग ती थांबली. पुढे माती होतं. मा. ढिगावर तिने सगळ्यात आधी काढलेलं अक्षर तेच होतं.

आजोबांना ते माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही. ते वाट बघत राहिले. मीपण वाट बघत राहिले.

तिला काहीतरी आठवलं असावं. हवेत रेघ ओढायला तिने बोट वर केलं आणि ते, सवयीने, तोंडाकडे निघालं. आजोबांनी मनगट धरलं. जोरात नाही. बोट ओठांपासून दोन इंचांवर थांबलं.

"कोरडंच काढ," ते म्हणाले.

तिने कोरड्या बोटाने हवेत काढलं. अर्धं आलं. मग वारा सुटला आणि आजोबा तिला उचलून भराभर घराकडे निघाले, तिचं तोंड स्वतःच्या खांद्यात दाबून.

मित्रांनो, मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या गावात अशी टेकडी असेल, जिच्यावर गवत उगवत नाही, तर का उगवत नाही ते विचारा. मोठ्यांना विचारा, साहेबांना विचारा, त्यांनी फडकं काढेपर्यंत विचारत राहा. हात धुवा. बोटं तोंडात घालू नका. आणि माझ्यासारख्या चाळणीवर विश्वास ठेवू नका, तिला फक्त जाड तेवढंच दिसतं.

आणि पाटीचं झाकण केलंच कधी, तर निदान अक्षरं वरच्या बाजूला ठेवा.